टोप्या उतरवणारं गाणं

मी भोंगा बोलतोय. येलशिंका गावाच्या चौकातल्या सिमेंटच्या खांबावरचा, चर्चकडे तोंड करून टांगलेला. जन्मभर दुसऱ्यांचं बोललो. बटाटे कोणाचे, कोंबड्या कोणाच्या, हुकूम कोणाचा, आणि तोंड मात्र माझं! आज पहिल्यांदाच माझं स्वतःचं बोलतोय, तेव्हा आवाज जरा चढला तर चढू दे. माझी तार कापलेली आहे. पोटात चिमण्यांनी घर केलंय. तार होती तेव्हा मला माझं म्हणून एक अक्षर काढता आलं नाही, आणि तार गेल्यावर वाचा फुटलीय. याचा राग येणार नाही तर काय येणार?

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याचा कर्णा, आत चुंबक, वर राखाडी रंग. स्लोवाकियातल्या या डोंगरपायथ्याच्या गावांमध्ये तेव्हा आम्हा भावंडांना चौकाचौकात टांगलं. सुरुवातीला माझ्या तोंडून सकाळी सकाळी पुढाऱ्यांची भाषणं निघायची. लोक फटाफट खिडक्या लावून घ्यायचे. मला वाटायचं, माझाच तिटकारा करतात. मग एका हिवाळ्यात राज्य बदललं, भाषणं गेली, आणि मी खऱ्या अर्थानं गावाचा झालो.

तेव्हापासून माझ्यामागे आवाज मार्गिताचा. मार्गिता म्हणजे पंचायत कचेरीतली कारकून. जाड भिंगांचा चष्मा, टेबलाच्या खणात प्रार्थनेची माळ, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या. घसा खाकरून ती माईकचं बटण दाबायची आणि आधी गाणं लावायची. आमच्याकडे गाण्याशिवाय बातमी नाही. कोणाचा वाढदिवस असला तर बँडची सुरावट. चौकात कोणी स्वस्त चपला विकायला आला तर पोल्का, ती उड्या मारणारी नाचाची धून. पोल्का लागली की कोणी कान देत नसे. कोंबड्या ओरडायच्या, करवती चालू राहायच्या, बायका कुंपणावरून गप्पा मारत राहायच्या.

पण एक गाणं वेगळं होतं. संथ, खाली खाली उतरत जाणारं. गावात कोणी देवाघरी गेलं तरच ते लागायचं. ते सुरू झालं की सगळा गाव जागच्या जागी थांबायचा. पुरुष टोप्या काढायचे. बायका चुलीवरच्या सुपाखालची आच कमी करून फाटकाशी यायच्या, कपाळाला हात लावून क्रूसाची खूण करायच्या. नाव, वय, दफन कधी, हे सगळं सांगून मार्गिता 'देव त्याला शांती देवो' म्हणेपर्यंत कोणी टोपी घालायची नाही, पाऊल उचलायचं नाही. ट्रॅक्टरवाला वाटेतच इंजिन बंद करायचा. हे कोणी लिहून दिलेलं नव्हतं, पण चर्चमधल्या घंटेइतकं पक्कं होतं. मला त्या गाण्याचा अभिमान होता. माझ्या तोंडून निघालेलं तेवढं एक तरी कधी खोटं ठरलं नव्हतं.

मग ओतिलिया बाई आल्या.

आमची शाळा लहान, दोन खोल्यांची. मोठी आणि धाकटी मुलं एकाच फळ्यासमोर बसतात. बाई आल्या त्या हातात पुस्तकांऐवजी वर्तमानपत्रांची चळत घेऊन. रेडिओवर सांगितलेलं हवामान आणि शाळेच्या खिडकीतल्या तापमापकातलं हवामान मुलांना रोज शेजारी शेजारी लिहायला लावायच्या. एके दिवशी सगळा वर्ग माझ्या खांबाखाली आणून उभा केला.

"आज भोंगा काय सांगतो ते नीट ऐका," बाई म्हणाल्या. "आणि मग खरं आहे का, ते बघून या."

मला असा राग आला म्हणता! इतकी वर्षं मी सांगितलेलं कोणी तपासलं नव्हतं. त्या दिवशी नेमकं मार्गिताने सांगितलं होतं की वरच्या आळीतल्या फेरेंतसकडे ताजी अंडी आहेत. पोरं धावत गेली आणि परत आली ती हसत हसत.

"बाई, अंडी ताजी नाहीत," रोझाल्का म्हणाली. ही वर्गातली सगळ्यांत धीट मुलगी, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. "फेरेंतस काकांची कोंबडी खुडूक बसलीय. ती अंडी तिच्या खालून काढलेली आहेत. काका म्हणाले, तुझ्या बाईला सांग, अंडी ताजी नसली तरी कोंबडी ताजी आहे."

सगळा वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "बघा, भोंगा खोटारडा नाही. त्याला जे सांगितलं ते तो बोलला. विचारायचं असतं ते त्याच्यामागे बोलणाऱ्या माणसाला."

तेव्हा माझा राग गेला. खरं सांगतो, उलट बरंच वाटलं. इतक्या वर्षांत माझी बाजू कोणी घेतली नव्हती.

बाई सरपंचाकडे गेल्या. शुक्रवारी शाळा सुटल्यावर थोडा वेळ मुलांना माईक हवा, म्हणाल्या. सरपंच ब्लाझेय म्हणजे मिश्या आणि ढेरी घेऊन चालणारा माणूस. वाईट नव्हता. हसून म्हणाला, "मुलं गाणी म्हणतील ना, बाई? म्हणू द्या की. म्हाताऱ्यांना बरं वाटेल."

मुलं गाणी म्हणाली नाहीत. मुलांनी बातम्या सांगितल्या. बेकरीत पाव उशिरा का येतो, ओढ्यावरचा लाकडी पूल कोणी मोडला, सगळ्यात म्हातारं सफरचंदाचं झाड कोणाच्या परसात आहे. मार्गिता त्यांच्या आधी नेहमी पोल्का लावायची, कारण मुलांचं काय, गंमतच. गाव ऐकायचा आणि नाहीही ऐकायचा. फक्त त्यांचे आईबाप ऐकायचे, आणि मी.

त्याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाईंनी वर्गात वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवली. दूरच्या कुठल्याशा जिल्ह्यात एका तान्ह्या बाळाचे ओठ निळे पडले. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट होतं. शेतातल्या खतातून आणि जनावरांच्या घाणीतून ते पाण्यात उतरतं. मोठ्यांना कळतही नाही, पण बाटलीच्या दुधातून तान्ह्याच्या पोटात गेलं की त्याचा श्वास अपुरा पडायला लागतो. शाळेच्या खिडक्या उघड्या असायच्या, म्हणून मी हे ऐकलं.

"बाई, आपल्याकडे पण आहे का ते?" रोझाल्काने विचारलं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कसं कळेल?"

झालं. मुलं रंगीत कागदाच्या पट्ट्या घेऊन गावभर फिरली. पट्टी पाण्यात बुडवायची, जरा थांबायचं, गुलाबी रंग किती चढतो ते बघायचं. वरच्या आळीतल्या विहिरी बऱ्या निघाल्या. खालच्याही. आणि मग ती पोहोचली झऱ्यापाशी.

हा झरा म्हणजे गावाचं हृदय आहे. टेकडीच्या कुशीत मारियामातेचं लहानसं देऊळ आहे, निळ्या झग्यातली मूर्ती, समोर मेणबत्त्या, आणि मूर्तीच्या पायाखालून पाणी येतं. गावात कोणाला ताप आला, कोणाचं ऑपरेशन असलं, कोणाला मूल होत नसलं, तर त्या पाण्याची बाटली घरात येते. माझ्यासारख्या पत्र्याच्या जिवालाही त्या जागेबद्दल आदर आहे. सप्टेंबरात सप्तदुःखी मातेच्या सणाला सगळा गाव तिथे चालत जातो, आणि मिरवणूक निघाल्याची घंटा माझ्या तोंडूनच वाजते.

त्या पाण्यात पट्टी गडद जांभळी झाली.

मुलं घाबरली. बाईंनी पुन्हा बुडवली. पुन्हा जांभळी. मग बाई स्वतः बाटली भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत देऊन आल्या. तिथल्या माणसानेही तेच सांगितलं, तान्ह्या बाळांना हे पाणी मुळीच नको.

कारण काय ते शोधायला फार लांब जायला नको होतं. देवळाच्या वरच्या अंगाला शेत आहे. सरपंचाच्या मेव्हण्याचा डुकरांचा फार्म तिथून जवळ. त्याने वसंतापासून शेडमधली सगळी घाण टँकर भरभरून त्या शेतावर ओतली होती. वास सगळ्यांना यायचा. 'शेताला खत लागतंच की,' म्हणून सगळे नाकाला रुमाल लावून प्रार्थनेला जायचे.

आणि गावात एक तान्हं बाळ होतं.

वेरोना सुताराची बायको. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. तिने मारियामातेला नवस केला होता, बाळ दे, तुझ्या सणापर्यंत त्याच्या बाटलीत तुझ्याच झऱ्याचं पाणी घालीन, दुसऱ्या पाण्याचा थेंब नाही. बाळ झालं. कामिल नाव ठेवलं. आईला दूध नव्हतं, डब्यातलं दूध द्यावं लागायचं. वेरोना रोज पहाटे बाळगाडी ढकलत माझ्या खाली येऊन, जरा दम खाऊन, झऱ्याकडे जायची. किती भक्तीने भरायची ती बाटली! हात धुऊन, डोक्याला रुमाल बांधून. माझ्या उंचीवरून मला बाळाचं तोंड दिसायचं. भर उन्हाळ्यात त्याचे ओठ थंडी वाजल्यासारखे दिसायचे.

"त्याला गारठा बाधतो," वेरोना शेजारणीला सांगायची आणि आणखी एक स्वेटर घालायची.

बाई तिच्या घरी गेल्या. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, पण परत येताना दोघी माझ्या खांबाखालीच भांडत होत्या.

"मी उकळून देते, बाई! चांगलं उकळून!"

"उकळून हे जात नाही, वेरोना. पाणी आटतं आणि ते वाढतं."

"मातेच्या पाण्याने बाळ आजारी पडतं? असं बोलवतं तरी कसं तुम्हाला? तुम्हाला मूलबाळ नाही म्हणून..." वेरोना तिथेच थांबली. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई शाळेकडे वळल्या.

शुक्रवार आला. पोल्का वाजली. रोझाल्काने वाचायला सुरुवात केली. "आम्ही गावातलं सगळं पाणी तपासलं. वरच्या आळीतल्या विहिरी चांगल्या आहेत. पण मारियामातेच्या झऱ्याचं पाणी..."

आणि माझा आवाज गेला. सरपंच धावत आत आला होता आणि त्याने बटण बंद केलं होतं. थोड्या वेळाने माझ्यातून निघाला तो त्याचा आवाज. गोड, सगळ्यांचा काका असल्यासारखा.

"गावकऱ्यांनो, आपल्या पवित्र झऱ्याबद्दल शाळेतून काही अफवा पसरवल्या जात आहेत. आपलं पाणी शुद्ध आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी हेच पाणी प्यायलं. मुलांचा कार्यक्रम आजपासून बंद. बाईंनी शाळेत धडे शिकवावेत, गावाला शिकवू नये."

हे सगळं मी बोललो. माझ्याच तोंडाने! 'पाणी शुद्ध आहे' हे मी बोललो, आणि खाली बाळगाडी घेऊन वेरोना उभी होती. तिने ते ऐकलं, डोळे मिटून क्रूसाची खूण केली, आणि रिकामी बाटली घेऊन झऱ्याकडे निघाली. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पत्रा फाटेपर्यंत ओरडलो असतो. पण भोंग्याला ओरडायला दुसऱ्याचा घसा लागतो. सांगा मला, ज्याच्या तोंडून खोटं निघतं आणि ज्याला ते गिळता येत नाही, त्याने काय करावं? माणसांना निदान जीभ चावता येते!

गाव बाईंवर उलटला. बेकरीत कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "आमच्या मातेला विषारी म्हणते ही!" कोणी शाळेच्या फाटकाशी शेणाची पाटी ओतली. सकाळी बाईंना ते शेण स्वतः उचलताना मी पाहिलं. त्या आठवड्यात वर्गात मुलं कमी झाली.

पण आमच्या गावात आपोलोनिया आजी आहे. देवळाची किल्ली तिच्याकडे असते. मूर्तीपुढच्या मेणबत्त्या, फुलं, झाडलोट सगळं तिचं. तिचा नवरा खाणीतल्या अपघातात गेला तेव्हापासून तिने वसा घेतलाय, दर शनिवारी कोरडा पाव आणि पाणी, आणि झऱ्याभोवतीचा दगड धुवायचा. तिला कोणी खोटं पाडू शकत नाही, आणि तिच्यापुढे कोणी खोटं बोलतही नाही. तिनेच रोझाल्काला हाक मारली.

"ये इकडे, पोरी. मला दाखव तुझी ती पट्टी. माझ्या डोळ्यांदेखत बुडव."

हे पुढे रोझाल्कानेच माझ्या खांबाखाली मैत्रिणीला सांगितलं, म्हणून मला कळलं. पट्टी जांभळी झाली. आजीने ती उजेडात धरून पाहिली. मग ती टेकडीवर चढली, धापा टाकत, काठी टेकत. कुंपणापलीकडचं काळं, दुर्गंधी शेत तिने पाहिलं आणि तिथूनच खाली मातेकडे पाहिलं.

"माझ्या आईच्या पायांवर घाण ओततायत हे," ती म्हणाली. "आणि मी इतकी वर्षं शनिवारी दगड धुतेय! वरून हे ओततायत आणि खालून मी फडका मारतेय!"

तिथून ती थेट कचेरीत आली. दुपारची वेळ होती. सरपंच समोरच्या गुत्त्याच्या अंगणात जेवायला बसला होता, हे कचेरीच्या खिडकीतून दिसत होतं. मार्गिता एकटी होती. माईकची वायर सैल असल्यामुळे तो कधी कधी आपोआप चालू राहायचा, बोलणं बाहेर नाही गेलं तरी माझ्या पोटात पुटपुटायचं. म्हणून त्या दोघींचं मला ऐकू आलं.

"मार्गिता, गाणं लाव."

"कोणाचा वाढदिवस, आजी?"

"वाढदिवस नाही. ते दुसरं लाव. टोप्या काढायचं."

मार्गिताचा आवाज घाबरला. "अगं, कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. कोणी जाऊ नये म्हणून लाव."

"नाही, आजी. नाही. इतक्या वर्षांत मी ते गाणं खोटं लावलं नाही. माझ्या आईच्या वेळेलाही मीच लावलं होतं. लोक धावत येतील, कोण गेलं म्हणून. हे पाप आहे."

"आणि त्या शुक्रवारी सरपंचाने माझ्या मातेच्या नावाने जे सांगितलं ते काय होतं? ते तूही ऐकलंस. बसून ऐकलंस. ते पाप नव्हतं? पोल्का लावून सांगितलं तर हा गाव ऐकत नाही, मार्गिता. या गावाला एकच गाणं ऐकू येतं. आणि मेलंय की, झरा मेलाय. त्याचं दफन करायचं नसेल तर गावाला बोलाव."

खण उघडल्याचा आवाज आला. बहुतेक मार्गिताने माळ हातात घेतली असावी. मग दाराशी पावलं वाजली आणि तिने कोणाला तरी सांगितलं, "पळ, शाळेतून रोझाल्काला घेऊन ये. बाईंना नको, त्यांना उगाच त्रास होईल."

आणि मग, ओतिलिया बाईंच्या खोलीच्या उघड्या खिडकीतून आत, सुताराच्या अंगणात, गुत्त्याच्या टेबलांवर, माझ्या आणि माझ्या सगळ्या भावंडांच्या तोंडून ते संथ, खाली उतरत जाणारं गाणं सुरू झालं.

गाव थांबला. करवती थांबल्या. ट्रॅक्टरवाल्याने वाटेत इंजिन बंद केलं. बायका फाटकाशी आल्या. गुत्त्याच्या अंगणात सगळे उभे राहिले, आणि त्यांच्यामध्ये सरपंच ब्लाझेयही. त्याच्या गळ्यात रुमाल, मिशीला सूप लागलेलं, आणि टोपी हातात. मेव्हणाही त्याच्या शेजारीच होता, टोपी हातात घेऊन.

गाणं संपलं. माईकवर आवाज आला तो मार्गिताचा नव्हता. तो दात पडलेल्या पोरीचा होता.

"देव शांती देवो. कोणी माणूस गेलेलं नाही. मारियामातेचा झरा आजारी आहे."

मी पाहत होतो. सरपंचाचा चेहरा लाल झाला. त्याने एक पाऊल उचललं. अंगणाच्या फाटकाशीच थांबलेला म्हातारा ट्रॅक्टरवाला कुजबुजला, "ब्लाझेय! बातमी चाललीय." सरपंचाने पाऊल जागच्या जागी ठेवलं. काय करणार? सगळा गाव टोप्या हातात घेऊन उभा. त्या गाण्यानंतर जो आधी हलेल, त्याची लाज त्याच्या नातवंडांपर्यंत जाते. त्याच्या आईच्या वेळेलाही लोक असेच उभे राहिले होते. तो उभा राहिला, आणि आपल्या मेव्हण्याच्या टँकरबद्दल, काळ्या शेताबद्दल, जांभळ्या पट्टीबद्दल, निळ्या ओठांबद्दल त्याला उभ्याने सगळं ऐकावं लागलं. रोझाल्काने एक अक्षर गाळलं नाही.

शेवटी आपोलोनिया आजी माईकवर आली. तिला माईकची सवय नव्हती, ती फार जवळून बोलली आणि माझा पडदा थरथरला.

"वेरोना, बाळा, तू ऐकतेयस ना? तुझा नवस मोडत नाही. मातेने तुला पाणी दिलं होतं, घाण नाही. घाण आपण घातली. नवस पाण्याचा होता ना? मग आधी त्या घाणीचं पुन्हा पाणी होऊ दे. तोपर्यंत दुकानातली बाटली घे, मी मातेपुढे तुझ्या वतीने मेणबत्ती लावीन. हे मी सांगते, किल्ली माझ्याकडे आहे." आणि मग तिने नेहमीच्या शेवटासारखं म्हटलं, "देव आम्हा सगळ्यांना शहाणपण देवो. आता टोप्या घाला."

सुताराच्या फाटकाशी वेरोना उभी होती. तिच्या हातात भरलेली बाटली होती. ती बाळाकडे बघत राहिली. मग तिने बाटली हळूच गवतात ओतली, सांडल्यासारखी नाही, पूजेतलं पाणी झाडाला घालतात तशी. आणि नवऱ्याला हाक मारली, "गाडी काढ. जिल्ह्याला दवाखान्यात जाऊ. आत्ता."

बाळ वाचलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर काही सांगता आलं नसतं. हे वेरोनाने परत आल्यावर माझ्याच खांबाखाली, ओतिलिया बाईंचे दोन्ही हात धरून सांगितलं. "मी तुम्हाला जे बोलले..." ती म्हणाली. "मीही तुझी माफी मागायला आले होते," बाई म्हणाल्या, "उकळून वाढतं हे जरा हळू सांगायला हवं होतं." आणि दोघी रडत हसल्या.

तुम्हाला वाटेल, आता सगळं गोड झालं. नाही झालं! ते गाणं लागलं त्याच संध्याकाळी सरपंचाने शिडी मागवली आणि माझी तार कापली. 'बिघडलाय,' म्हणाला. मार्गिताला कचेरीतून काढून जिल्ह्याच्या दुसऱ्या ऑफिसात पाठवलं. आता तो प्रत्येकाच्या मोबाईलवर निरोप पाठवतो. फुकट, शांत, प्रत्येकाला वेगवेगळा. कोणी फाटकाशी येत नाही, कोणी टोपी काढत नाही, आणि शेजाऱ्याला काय निरोप आला ते कोणाला कळत नाही. हा त्याचा नवा भोंगा. याला ना तोंड आहे ना गाणं. यातून निघालेलं कोणी माझ्या खांबाखाली उभं राहून तपासू शकत नाही. मेव्हण्याला दंड झाला, शेत सध्या ओसाड आहे, पण फार्म सुरूच आहे, आणि टँकर कुठे जातो ते अजून कोणी नीट सांगत नाही. रागावू नको तर काय करू मी?

पण थांबा. शुक्रवार अजून येतो.

शाळा सुटली की ओतिलिया बाई मुलांना घेऊन चौकात येतात. मुलं माझ्या खांबाखाली रांगेत उभी राहतात. माईक नाही, तार नाही. रोझाल्का दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडते, नवा दात आलाय तिचा, आता शब्द स्पष्ट येतात. आधी आपोलोनिया आजी ते संथ गाणं गुणगुणते, घशात गुळण्या केल्यासारखं, बेसूर. आणि गाव थांबतो. करवती थांबतात. पुरुष टोप्या काढतात. काल सरपंचानेही काढली. खिडकीआडून काढली, पण काढली, मी वरून पाहिलं.

"झऱ्याची पट्टी या आठवड्यात," रोझाल्का ओरडली, "मागच्यापेक्षा फिकी आहे. पण बाळांना अजून नको."

वेरोना दर शनिवारी आजीबरोबर दगड धुवायला जाते. तिचा नवस पुरा व्हायचा आहे. पट्टी पांढरी राहील त्या दिवशी कामिलच्या हातात ती स्वतः पहिला पेला देणार आहे. तोपर्यंत तो चालायलाही लागेल बहुतेक. माझी खात्री आहे, तो दिवस येणार. मातेचं पाणी आहे ते.

माझं मागणं एवढंच आहे. कोणाला वाटलं तर माझी तार जोडा. जुना आहे, पण घसा अजून चांगला आहे, चिमण्यांना मी समजावीन. फक्त माईकच्या बटणापाशी बसवाल त्या माणसाला आधी एक विचारा, जे बोलतोस ते बघून आलास का? आणि नसेल बघून आला, तर खाली माझ्या खांबाशी एक वर्ग उभा आहे. त्यांना पाठवा.